जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प : सेवकपणाचा इतिहास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड तालुका आहे. शेजारी बीड, धाराशिव आणि सोलापूर. १७९५ ची खर्ड्याची लढाई याच तालुक्यात झाली आणि अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडीही इथलेच. ज्या बाईंनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले, त्यांच्या माहेरच्या मुलखात पाणी मात्र कायम दुर्मिळ राहिले. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, पीक ज्वारी-बाजरीचे. दिवाळी उलटली की कोयते आणि बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली कुटुंबे. रेल्वे या तालुक्याला कधी शिवली नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे इथे राहायला आले, ते तालुका असा होता म्हणूनच. दोघांच्या हातात अमेरिकेतल्या पदव्या होत्या. पुण्या-मुंबईत कुठलेही मोठे रुग्णालय त्यांच्यासाठी दार उघडून बसले असते.

रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, १९३४ चा जन्म, आई-वडील शिक्षक. मेबल जबलपूरच्या, त्यांचे वडील तिथल्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नवा करार शिकवत. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. आयडा स्कडर यांनी उभ्या केलेल्या या संस्थेचे बोधवाक्य येशूच्या त्या उद्गारावरून घेतले आहे, ज्यात तो आपण सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आलो असे सांगतो. वेल्लोरच्या भिंतींवर हे वाक्य हजारो विद्यार्थ्यांनी वाचले असेल. या दोघांनी १९६० साली लग्नाच्या दिवशीच ठरवले की खेड्यातल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसांसाठी दोघांनी मिळून आयुष्य द्यायचे. पुढच्या पाच दशकांचा सगळा इतिहास त्या दिवसापासून मोजायला हवा.

पहिली काही वर्षे गेली नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात. नगर जिल्ह्याला अमेरिकन मराठी मिशनचा सहवास १८३१ पासूनचा. शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांचे जे जाळे मिशनने या जिल्ह्यात विणले, त्याचे ऋण आपल्यापैकी कितीतरी घरांवर आहे. वडाळ्यात आरोळे दांपत्याने दिवसरात्र काम केले. रुग्णांची रीघ लागलेली असे, शस्त्रक्रिया होत, माणसे बरी होऊन घरी जात. आणि काही महिन्यांनी तेच मूल तोच जुलाब घेऊन परत येई. येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक, त्यांच्या अंदाजाने शंभरातले सत्तर, मुळात होऊच नयेत असे होते. रुग्णालय कितीही चालले तरी भोवतालच्या गावांतली बालके मरायची थांबत नव्हती.

मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. चांगले चाललेले, लोक दुवा देत असलेले काम अपुरे आहे हे स्वतःशी कबूल करायला वेगळी दीनता लागते. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून सेवेचा गौरव होतो तो बहुधा कष्टांचा आणि त्यागाचा. आपले कष्ट चुकीच्या जागी पडत असतील का, हा प्रश्न विचारणाऱ्याचा गौरव क्वचितच होतो. या दोघांनी तो विचारला. रजनीकांतांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली होती. दोघे अमेरिकेला गेले, आणि रुग्णालयीन वैद्यकीचे पुढचे शिक्षण घेऊन झाल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे प्रा. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन लाभले. टेलर स्वतः हिंदुस्थानात वैद्यकीय मिशनरींच्या घरी वाढलेले. जामखेडच्या कामाची आखणी तिथे झाली.

जामखेडला गावाने त्यांना जागा दिली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. कामाची सुरुवात आठ गावांपासून झाली, लोकसंख्या सुमारे दहा हजार. आरोग्याचे काम करायला आलेल्या डॉक्टरांना लोकांनी पहिल्याच बैठकांत सांगितले की आम्हाला आधी अन्न हवे आणि पाणी हवे. ते दिवस दुष्काळाचे होते. १९७२ चा दुष्काळ मराठी माणसाच्या स्मरणातून अजून गेलेला नाही. या भागात त्याची चाहूल आधीच लागली होती. डॉक्टरांनी आपली यादी बाजूला ठेवली आणि लोकांची हाती घेतली. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि विंधनविहिरी खोदायला सुरुवात झाली.

विंधनविहिरींची गोष्ट जामखेडमध्ये आजही सांगितली जाते, आणि ती सांगितल्याशिवाय या संस्थेचा स्वभाव कळणार नाही. गावात पाण्याची जागा कुठे निघावी हे ठरवताना डॉ. आरोळे यांनी भूगर्भतज्ज्ञांना सांगून ठेवले होते की जागा दलित वस्तीतली शोधायची. हातपंप तिथे बसला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सवर्णांच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, कुणी वरून ओतेल त्या पाण्यासाठी ज्यांच्या बाया ताटकळत उभ्या राहात, त्यांच्या अंगणात आता पाटलाच्या घरची घागर येऊ लागली. यासाठी भाषण झाले नाही, सहभोजनाचा सोहळा झाला नाही. दुष्काळात पाण्याला जाणे भागच होते. एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, आणि वस्तीतल्या बायांशी बोलणे सुरू झाले. स्वयंपाकघरांतही हेच घडले : सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉल उपयोगी पडला. खेळ संपल्यावर बसून गप्पा व्हायच्या, त्या गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली आणि पुढे स्त्रियांची महिला विकास मंडळे.

संस्थेचा खरा इतिहास मात्र ग्राम आरोग्य सेविकांचा आहे. सुरुवातीची योजना वेगळी होती. प्रत्येक गावात एक शिकलेली परिचारिका नेमायची असे ठरले होते. शहरात वाढलेल्या या मुली खेड्यात एकट्या राहायला तयार होईनात, आणि राहिल्या तरी गावच्या बाया त्यांच्याजवळ मन मोकळे करीनात. तेव्हा गावकऱ्यांशी बोलता बोलताच दुसरी वाट निघाली. गावातलीच एखादी बाई का नको? तिची निवड गावानेच करायची. अट एवढीच की तिच्या मनात माणसांविषयी कळवळा हवा. लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. निवडल्या गेलेल्यांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, पुष्कळ दलित, काही परित्यक्ता, काही विधवा. ज्यांना घरात आणि गावात आवाज नव्हता अशा.

डॉक्टरकी शिकलेल्या माणसाने अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हाती स्टेथोस्कोप द्यावा, रक्तदाब मोजायला शिकवावे, गरोदर बाईचे पोट तपासायला शिकवावे, हे १९७० च्या दशकात धाडसाचेच होते. वैद्यकीय ज्ञान ही त्या काळी पांढऱ्या कोटाच्या खिशात जपून ठेवायची वस्तू होती. आजही फार वेगळे नाही. आरोळे दांपत्याचा आग्रह होता की ज्ञान लपवण्यासाठी नसते, ते जितक्या लवकर गावाच्या मालकीचे होईल तितके बरे. सेविका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्कामाला राहात. मराठ्याची, माळ्याची, महार-मांगाची बाई एका पंगतीत जेवायला बसे. रात्री पांघरायला सगळ्यांना मिळून एकच मोठी गोधडी होती, बायांनी स्वतः शिवून जोडलेली. पहिल्या काही रात्री कुणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. ज्या बाईची सावली अंगावर पडली तर सासू आंघोळ करायला लावते, तिच्याच शेजारी एका पांघरुणाखाली झोपायचे होते. जातीची भिंत खाली यायला व्याख्यानांपेक्षा त्या गोधडीचाच जास्त उपयोग झाला, असे मला या इतिहासातून ठामपणे दिसते.

त्या काय शिकल्या? जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडायचे नाही, उलट साखर-मीठ-पाणी पाजत राहायचे. बाळंतिणीचा पहिला चीक टाकून द्यायचा नाही. जन्मल्या जन्मल्या मूल छातीला लावायचे. गरोदरपणी कमी खाल्ले तर बाळंतपण सोपे होते ही समजूत घातक आहे. नाळ कापायचे पाते आणि बांधायचा दोरा निर्जंतुक हवा, हात साबणाने धुतलेले हवेत. अंगावरचा बधिर चट्टा हा देवीचा कोप किंवा मागच्या जन्मीचे पाप नसून औषधाने बरा होणारा कुष्ठरोग आहे. आणि कुठल्या क्षणी आपले हात थांबवून रुग्णाला जामखेडच्या रुग्णालयात हलवायचे. यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही. अवघड होते ते गावाने ती या बायांच्या तोंडून ऐकणे.

इथे मला योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आठवतो. आपल्याकडे शुभ गुरुवारी त्यावर प्रवचन होते आणि बहुतेक वेळा ते पाय धुणाऱ्या प्रभूविषयीच असते. पण त्या खोलीत पेत्रही आहे. गुरूने आपल्या पायाशी बसावे हे त्याला सोसत नाही, तो नको म्हणतो, आणि प्रभू त्याला निक्षून सांगतो की हे स्वीकारले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा नाही. दीनतेची ही दुसरी बाजू आहे : जिच्याकडून घ्यायचे नाही असे आपल्याला शिकवले गेले, तिच्या हातून सेवा घ्यायची. जामखेडच्या गावांत पेत्राच्या जागी सवर्ण घरची सासू होती. सून अडली आहे, रस्ता नाही, वाहन नाही, आणि दारात उभी असलेली सुईण दलित वस्तीतली. तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचे की नाही? पहिल्या वेळी कित्येक घरांनी घेतले नाही. मग कुणाच्या तरी घरी मूल वाचले, बाई वाचली, आणि उंबरा ओलांडला गेला. डॉक्टरांनी नम्र व्हायचे ठरवले होते. गावाला नम्र व्हावे लागले. दोन्ही घडल्याशिवाय मुले वाचली नसती.

जवळके गावच्या सरूबाई साळवे १९८४ पासून हे काम करीत आल्या. दलित घरातल्या, बालपणीच लग्न झालेल्या. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने डिसेंबर २००८ च्या अंकात जामखेडवर मोठा लेख छापला, त्यात त्यांची कहाणी जगभर गेली. तोवर त्यांनी पाचशेहून अधिक बाळंतपणे केली होती. सेविकांना या कामाचा पगार मिळत नाही, हेही नोंदवायला हवे. बांगड्या विकणे, शेळ्या पाळणे, भाजीपाला, छोटी दुकाने अशा उद्योगांसाठी प्रकल्पाने त्यांना प्रशिक्षण आणि कर्ज मिळवून दिले, म्हणजे घर त्या व्यवसायावर चालावे आणि सेवा ही गावाशी असलेल्या नात्यातून व्हावी. या धोरणावर मतभेद होऊ शकतात. कष्टकरी बाईचे श्रम फुकट का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला जायला हवा. त्याच वेळी, यांपैकी अनेक जणी सरपंच झाल्या, जमिनी घेतल्या, मुलींना शिकवले, नवऱ्याच्या मारासमोर उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे आहे.

आकडे बोलतात तेही सांगतो. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी मरत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि नव्वदच्या दशकात विशीच्या घरात. संस्थेने स्वतः ठेवलेल्या नोंदींवर कुणाला शंका घ्यायची असेल तर २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये बाहेरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यांनी प्रकल्पातली आणि शेजारची, प्रकल्पात नसलेली गावे ताडून पाहिली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. एवढे घडले त्यात मोठ्या यंत्रांचा वाटा नव्हता. जामखेडचे रुग्णालय साधेच राहिले, खर्चाला आवर घालून बांधलेले. जयपूर फूट आणि कॅलिपर बनवण्याची कार्यशाळा निघाली तीही गावातल्या, फारशा न शिकलेल्या माणसांच्या हातांवर.

या सगळ्यात धर्म कुठे होता, असे काही वाचक विचारतील. आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी कधी झाकले नाही. सेवेला मात्र त्यांनी कुठलीही अट जोडली नाही. हिंदू, मुसलमान, नवबौद्ध, ख्रिस्ती अशी सगळी माणसे एकाच रांगेत बसली; सेविका आपापला देव घेऊन आल्या आणि आपापला देव घेऊन परत गेल्या. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल ख्रिस्ताविषयी लिहितो की त्याने देवाच्या बरोबरीचे असणे धरून ठेवले नाही, स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले. मेबलबाईंच्या माहेरी नव्या कराराचे अध्यापन चाले, तेव्हा हा उतारा त्यांच्या कानांवरून किती वेळा गेला असेल! जामखेडमध्ये मला त्याचा अर्थ व्यवहारात उतरलेला दिसतो. डॉक्टरपणा हेच धरून ठेवण्यासारखे होते. पदवी, खुर्ची, शेवटचा शब्द. ते त्यांनी एकेक करून खाली ठेवले आणि मग ते उचलायला गावच्या बायांना बोलावले. दानधर्म करणारा माणूस दान दिल्यावरही वरच राहतो. मिशनच्या आवारांतूनही, इतक्या प्रेमाने चाललेल्या कामांतूनही, हे अंतर कायम राहिले होते. जामखेडने ते अंतर मोडण्याची रीत शोधली, म्हणून मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रकल्पाची जागा मी फार वर मानतो.

जगाने दखल लवकर घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढले, त्यात जामखेडवरचे प्रकरण या दोघांनी लिहिले होते. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे जगभरातल्या देशांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा केला, त्यामागच्या विचाराला बळ देणाऱ्या मोजक्या प्रयोगांत जामखेड होते. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. १९९४ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेले ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक आजही सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी वाचतात. मला या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मुक्ताबाई पोळ यांचे वॉशिंग्टनमधले भाषण जास्त महत्त्वाचे वाटते. ही ग्राम आरोग्य सेविका तिथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत उभी राहिली आणि सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून म्हणाली की डॉक्टर असे असतात, सुंदर, महाग आणि हाताला न लागणारे. मग तिने दोन पणत्या काढल्या, एकीवरून दुसरी लावली आणि सेविकांचे काम असे असते म्हणून सांगितले. सभागृह उभे राहिले. आरोळे दांपत्याने आपली बाजू मांडायला तिला पुढे केले होते, हे त्या क्षणाइतकेच मोलाचे.

सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणले आणि गावोगावी ‘आशा’ नेमल्या. जामखेडसारख्या प्रयोगांचे हे फळ आहे यात शंका नाही. तरी दोन गोष्टी मागे राहून गेल्या, आणि त्याची मला खंत आहे. आशाताईसाठी शिक्षणाची अट आली, म्हणजे जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक सेविका निवडीतच बाद झाल्या असत्या. दुसरे, आशाताईला रजिस्टरे, लक्ष्ये आणि वरून येणारे आदेश मिळाले. आठवड्याला एकत्र येऊन आपले अनुभव मांडायचे, चुकले ते सांगायचे, एकमेकींकडून शिकायचे, ही बैठक तिला मिळाली नाही. जामखेडमध्ये सगळा डोलारा त्या बैठकीवर उभा आहे.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या. रजनीकांत २५ मे २०११ रोजी गेले. दरम्यान काम शेकडो वस्त्यांपर्यंत, भंडारदऱ्याच्या आदिवासी भागापर्यंत पोहोचले होते आणि १९९२ पासून प्रशिक्षण संस्थाही सुरू झाली होती. पुढची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी उचलली. करोनाच्या काळात ‘आरोळे हॉस्पिटल’चे नाव पुन्हा महाराष्ट्रभर झाले, ते इथल्या कोविड केंद्रामुळे. प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थी येतात. त्यांच्या वर्गांत सेविका स्वतः शिकवतात. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या त्या एमबीबीएस आणि एमपीएच मंडळींना त्या बाळाचे वजन कसे करायचे हे दाखवतात, मग गावात घेऊन जातात, आणि कुणाच्या घरी आधी जायचे ते त्याच ठरवतात.